मुका, वेडा, मतिमंद, स्वमग्न : कागदावरच्या नावाचा प्रवास

काही वर्षांपूर्वी सिद्धेश्वरहून एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा खोलीत आला आणि थेट पंख्याकडे बघत बसला. मी नाव विचारलं, त्यानं मान वळवली नाही. आजी घाईनं म्हणाल्या, "मुका न्हाई साहेब लेकरू. टीव्हीवरची जाहिरात अख्खी म्हणून दाखवतंय. पर हाक मारली की वळतच न्हाई बगा." मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. एका कागदावर 'बहिरेपणाची शक्यता' असं लिहिलं होतं. दुसऱ्यावर 'मतिमंद'. तिसरा शाळेतून आलेला, त्यावर 'वर्गात बसत नाही, घरी ठेवावे' असा शेरा. देवऋष्यानं सांगितलेलं चौथं कारण कागदावर नव्हतं, पण त्याची ताईत मुलाच्या दंडाला होती.

तीन कागद आणि तीन नावं, आणि त्यातलं एकही बरोबर नव्हतं. मुलाला स्वमग्नता होती, म्हणजे ऑटिझम.

तुमच्यापैकी अनेकजण विचारतात, "डॉक्टर, हा आजार आमच्या लहानपणी नव्हता, आता कुठून आला?" आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. स्वमग्न मुलं पूर्वीही होती, फक्त कागदावर त्यांचं नाव वेगळं असायचं. आणि कागदावर जे नाव असेल त्यावर मूल शाळेत जाणार, कामाला लागणार की दाव्याला बांधलं जाणार, हे ठरत आलं आहे. म्हणून हा थोडा जुना हिशेब.

आधी स्वमग्नता म्हणजे काय ते दोन शब्दांत. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच वेगळी असणं. अशा मुलाला दुसऱ्याच्या नजरेतलं, आवाजातलं, हावभावातलं न बोललेलं समजायला कठीण जातं. बोलणं उशिरा येतं, किंवा येतं पण संवादासाठी वापरता येत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, ठरलेल्या क्रमात बदल झाला की मन बिथरतं. काहींना आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श सहन होत नाही. काही मुलांना सोबत बौद्धिक अडचणही असते, काहींना अजिबात नसते. गोळीनं हे जाणारं नाही. मात्र आजूबाजूची माणसं कशी वागतात यानं त्या मुलाच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

जनगणनेतले चार रकाने

आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. संस्थानातही आणि ब्रिटिश मुलखातही १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती व्हायची, आणि १९३१ पर्यंतच्या त्या गणनांत माणसाच्या 'व्यंगां'ची वेगळी नोंद घेतली जायची. रकाने चारच होते : वेडे, जन्मतः मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी.

आता विचार करा. पूर्णा नदीकाठच्या एखाद्या खेड्यात गणना करणारा माणूस दारात उभा आहे. घरात दहा वर्षांचा मुलगा आहे, जो बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, दिवसभर दोरी फिरवत बसतो. तो त्याला कुठे घालणार? बोलत नाही म्हणून मुक्या-बहिऱ्यांत, नाहीतर वेड्यांत. आणि घरच्यांनी लाजेपायी सांगितलंच नाही तर कुठेच नाही. त्या जुन्या आकड्यांत किती स्वमग्न मुलं दडलेली आहेत हे आता कोणी वेगळं काढू शकत नाही. पण ती तिथे आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कायदाही तसाच होता. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूस आणि पुढे मानसिक आजार झालेला माणूस एकाच व्याख्येत बसवलेले होते. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. त्याच्या जागी आलेला १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला. निजामाच्या राज्यातलं मनोरुग्णालय जालन्याला होतं, ते १९५३ मध्ये हैदराबादला एर्रागड्डा इथे गेलं. खेड्यातली बहुतेक मुलं तिथवर पोचलीच नाहीत, घरातच राहिली. हे चांगलं की वाईट, याचं उत्तर पुढे अमेरिकेतल्या एका मुलाच्या गोष्टीत मिळेल.

अकरा मुलं आणि त्यातला पहिला

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरला, पण स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून. आपला 'स्वमग्नता' हा शब्दही त्याच वळणाचा. खरं सांगायचं तर दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल मुद्दाम आपल्यातच रमलंय, इतरांची पर्वा करत नाही. तसं नसतं. अनेक मुलांना माणसं हवी असतात, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायची वाट सापडत नाही.

लहान मुलांमधलं हे वेगळेपण १९२५ मध्ये मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेव्हा या डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांच्या वर्णनातून नीट मांडलं होतं. जगानं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. जगाला माहीत झालं ते १९४३ मध्ये, अमेरिकेतल्या लिओ कॅनर यांच्या लेखानं. त्यात अकरा मुलं होती, आणि पहिलं मूल 'डोनाल्ड टी.'

हा डोनाल्ड ट्रिपलेट. जन्म १९३३, मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट नावाचं लहानसं गाव. दोन वर्षांचा असताना गाणी पाठ म्हणायचा, पण आईकडे बघून हसायचा नाही. वस्तू गरगर फिरवत बसायचा. चौथ्या वर्षाच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं. तिथे तो आणखीच मिटला. वर्षभरानं आईवडिलांनी त्याला घरी आणलं, आणि वडिलांनी कॅनर यांना ३३ पानांचं पत्र लिहिलं. स्वमग्नतेच्या इतिहासातला पहिला मोठा दस्तऐवज एका बापानं लिहिलेला आहे, डॉक्टरनं नाही.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते पुढचं. १९४२ मध्ये डोनाल्ड नऊ वर्षांचा असताना त्याला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं गेलं. ती माणसं काही शिकलेली तज्ज्ञ नव्हती. डोनाल्डला मोजण्याचं वेड होतं, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते सांगायचं काम दिलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा. त्यांनी सांगितलं, मोज, पण नांगर धरून मोज. मेलेले पक्षी, किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला एक कोपरा नेमून दिला. कॅनर १९४५ मध्ये तिथे गेले तेव्हा मुलानं त्यांच्यासमोर सहा लांब ओळी नांगरल्या, टोकाला घोडा व्यवस्थित वळवला. जवळच्या खेड्यातल्या शाळेत तो जात होता. तिथे त्याच्या विक्षिप्तपणाचा कोणी बाऊ करत नव्हतं.

शेतकऱ्यानं काय केलं ते नीट बघा. त्यानं मोजणं बंद केलं नाही, मोजण्याला कामाची जोड दिली. आज शाळेतले विशेष शिक्षक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाच्या आवडीतून शिकवा म्हणतात, ते हेच.

पुढे डोनाल्ड गावातल्या हायस्कुलात गेला. तिथली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलांनी त्याला विचारलं, शाळेच्या समोरच्या भिंतीत विटा किती? त्यानं क्षणात एक आकडा सांगितला आणि तो गावात 'हुशार' म्हणून गाजला. कित्येक वर्षांनी पत्रकारांनी विचारल्यावर त्यानं कबूल केलं, आकडा मनानंच ठोकून दिला होता. मुलांना आपण आवडावं म्हणून! स्वमग्न माणसाला इतरांच्या मताची फिकीर नसते म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९५८ मध्ये तो पदवीधर झाला, गावातल्या बँकेत लागला आणि साठहून अधिक वर्षं तिथेच राहिला. सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला. गोल्फ खेळायचा, परदेशात एकटा फिरून यायचा. २०१० मध्ये दोन पत्रकार त्याच्यावर लिहायला गावात आले, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांना दम भरला की याला काही त्रास दिलात तर आम्ही तुम्हाला शोधून काढू. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ती बँक डोनाल्डच्या आईच्या माहेरची होती. घर पैशाचं, वडील वकील, कातडी गोरी. त्याच काळात त्याच मिसिसिपीत एखाद्या काळ्या मजुराच्या घरी असं मूल जन्मलं असतं, तर कॅनर यांच्यापर्यंत ३३ पानांचं पत्र गेलं नसतं. कॅनर यांच्याकडे आलेली मुलं शिकलेल्या घरची होती, कारण तेवढेच लोक त्यांच्यापर्यंत पोचू शकत होते. त्यातून एक चुकीची समजूत पसरली की हा श्रीमंत, शिकलेल्या घरांतला आजार आहे. ती आपल्याकडेही बरीच वर्षं टिकली आणि खेड्यातल्या मुलांचं निदान त्यामुळे हुकलं.

१९७१ मध्ये कॅनर यांनी त्या अकरा मुलांचं पुढे काय झालं ते शोधलं. जी मोठ्या सरकारी संस्थांत गेली, ती बहुतेक सगळी होतं तेही हरवून बसली. चांगलं आयुष्य जगणाऱ्यांत डोनाल्ड होता आणि आणखी एकजण, जो एका कार्यालयात कागदांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रावर काम करत होता. दोघांनाही संस्थेच्या भिंतीबाहेर, माणसांत जागा मिळाली होती.

त्याच सुमारास युरोपात नाव चुकण्याची किंमत कुठवर जाऊ शकते तेही दिसलं. व्हिएन्नाच्या हान्स अस्परगर यांनी १९४४ मध्ये अशाच मुलांवर लिहिलं. पुढे अनेक वर्षं त्यांच्या नावानं एक निदानही होतं. नाझी राजवटीत त्यांनी काही मुलांना वाचवलं, असं म्हटलं जायचं. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी जुनी कागदपत्रं उघडली, तेव्हा कळलं की 'सुधारणार नाही' असा शेरा मारून त्यांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंड इथल्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथे मुलांना मारून टाकलं जायचं.

आईवर खापर

नाव मिळालं, पण दोष कोणाचा हा प्रश्न उरला. कॅनर यांनी आधी लिहिलं होतं की हे जन्मजात आहे. नंतर तेच आईबापांच्या 'थंडपणा'बद्दल लिहू लागले. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकानं तर सगळा दोष आईवर टाकला. आई प्रेम देत नाही म्हणून मूल मिटतं, असा तो सिद्धांत. हजारो आयांना डॉक्टरांनी हे तोंडावर सांगितलं.

याला खोडून काढलं ते पालकांनीच. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड या स्वमग्न मुलाच्या बापानं १९६४ मध्ये पुस्तक लिहून हा मेंदूशी निगडित प्रश्न आहे हे मांडलं. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये जुळ्या मुलांवरच्या संशोधनानं आनुवंशिकतेचा भाग मोठा असल्याचं दाखवलं. आपल्याकडे त्याच दशकाच्या आसपास सिद्धेश्वरचं धरण उभं राहिलं होतं, कालवे निघत होते, आणि या कशाचीही वार्ता इथे पोचलेली नव्हती.

आपल्याकडे बेटलहाइम कोणी वाचला नाही, पण आईला दोष द्यायला तो लागतही नाही. ग्रहणात भाजी चिरली. गरोदरपणी भांडणं झाली. मोबाइल दिला. शेतात काम करताना मुलाकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे येणारी जवळपास प्रत्येक आई यातलं काहीतरी मनात धरून येते. हे वाचत असाल तर घरातल्या सूनबाईला, लेकीला आजच सांगा : यात तुझी चूक नाही. मोबाइलनं बोलणं मागे पडू शकतं, म्हणून लहानग्यांना तो देऊ नये हे खरंच, पण स्वमग्नता मोबाइलमुळे होत नाही.

लसीमुळेही होत नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी फक्त बारा मुलांवरच्या एका लेखात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीशी संबंध सुचवला. त्यात गैरप्रकार निघाले आणि २०१० मध्ये त्या मासिकानं लेख मागे घेतला. अंगणवाडीतली गोवर-रुबेलाची लस चुकवू नका.

मुंबई, पुणे आणि आपण

महाराष्ट्रात या मुलांसाठी पहिली दारं उघडली तीही घरच्या गरजेतून. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील यांनी आपल्या मुलीला कुठल्याच शाळेत जागा नाही म्हणून स्वतः शाळा सुरू केली. ती आजही चालू आहे. १९५० मध्ये केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. बाई मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या. जेवणं, कपडे घालणं, पेन्सिल धरणं, गोंगाट सहन करणं हे मुलाला टप्प्याटप्प्यानं शिकवणारी ही विद्या आपल्याकडे त्यांच्यामुळे आली. पुण्यात १९६४ पासून 'कामायनी' आहे. या शाळा निघाल्या बौद्धिक अडचण असलेल्या मुलांसाठी, आणि स्वमग्न मुलंही वेगळं नाव नसल्यानं त्यांच्यातच मिसळली.

स्वमग्नतेसाठी वेगळा आवाज उठला तो १९९१ मध्ये दिल्लीत, मेरी बरुआ या आईनं सुरू केलेल्या 'अॅक्शन फॉर ऑटिझम' या संस्थेतून. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 'उम्मीद' सुरू केली. सगळं चांगलं, पण दिल्ली, मुंबई, पुणे. हिंगोलीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि स्वमग्न मुलाला घेऊन रेल्वेच्या गर्दीत रात्र काढणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

म्हणून २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आलेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. गोव्यातली 'संगत' संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून ६५ मुलं घेतली होती. त्यांच्या घरच्यांना शिकवलं ते तज्ज्ञांनी नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी. आई मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण करायचं आणि तिलाच दाखवायचं, की बघा, इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. आईवडिलांचं मुलाच्या कलानं घेणं वाढलं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. म्हणजे मोठ्या शहरातला तज्ज्ञ नसला तरी बरंच काही खेड्यातल्या ओसरीवर करता येतं.

कायद्याच्या यादीत नाव

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला तेव्हा त्यात सात प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता नव्हती. त्यामुळे झालं काय, की ज्या मुलाची बुद्धी मोजणीत चांगली आली त्याला प्रमाणपत्रच नाही, आणि ज्याला हवं त्यानं 'मतिमंद' म्हणवून घ्यायचं. जनगणनेतला तोच जुना पेच, फक्त रकाने चाराचे सात झाले.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता पहिल्यांदा नावानिशी आली. पालकत्वाची सोय झाली, पुढे 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आली. पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र १९९५ च्या यादीवरच अडलेलं. २००९ मध्ये स्वमग्नता मोजायची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी तयार झाली, आणि २०१६ मध्ये सरकारनं तिच्या आधारे प्रमाणपत्र द्यायची पद्धत ठरवली. त्याच वर्षी दिव्यांग हक्क कायदा संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि त्यात स्वमग्नतेचं नाव आलं.

या कायद्यानं तुमच्या हातात काय दिलं, ते शाळेपासून बघू. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. 'घरी ठेवावे' असा शेरा मारायचा अधिकार कोणत्याही सरकारी किंवा अनुदानित शाळेला नाही. असा शेरा आला तर भांडू नका, पण लेखी मागा आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाची मागणी करा. वर्गात लागणाऱ्या गोष्टी बहुतेक फुकटच्या असतात. एकच ठरलेली जागा, खिडकीपासून आणि घंटेपासून दूर. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर. एका वेळी एकच सूचना, छोट्या वाक्यात. बिथरल्यावर पाच मिनिटं बसायला शांत कोपरा. आणि गुरुजींना एक विनंती, 'माझ्या डोळ्यांत बघ' म्हणून मुलाची हनुवटी धरू नका. न बघताही तो ऐकत असतो.

सिद्धेश्वरच्या त्या मुलाच्या बाबतीत शाळेत नव्या आलेल्या बाईंनी हजेरीचं काम त्याच्याकडे दिलं. त्याला सगळ्यांचे क्रमांक पाठ होते. हजेरी झाल्यावर तो तासभर बसू लागला. बाईंनी डोनाल्डची गोष्ट कधी ऐकलेली नव्हती.

कामाबद्दल लोक कमी विचारतात, कारण मूल मोठं होणार हेच घरच्यांना सुचत नाही. कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा आहेत, त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अडचण, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार या गटाचा. डेन्मार्कमध्ये २००४ पासून 'स्पेशालिस्टर्ना' नावाची कंपनी स्वमग्न माणसांनाच संगणक तपासणीचं काम देते. पण आपल्याकडे सगळ्यांनाच संगणकाचं काम मिळणार नाही, आणि मिळायलाच हवं असंही नाही. वसमतच्या बाजाराला जाणारी हळद प्रतीनुसार वेगळी करणं, दूध संकलन केंद्रात लिटरची नोंद ठेवणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, दुकानात माल लावणं, यात चिकाटी आणि अचूकपणा लागतो. या गोष्टी अनेक स्वमग्न माणसांकडे आपल्यापेक्षा जास्त असतात. मालकाला एवढंच सांगायचं : काम रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं द्या. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा. टोमणा मारू नका, तो शब्दशः घेईल. आणि मजुरी पूर्ण द्या. 'बिचारा, चहापाण्यावर राबतो' हे उपकार नाहीत, ती लूट आहे.

गाव मात्र दुधारी असतं. प्रत्येक गावात एखादा काका असतो, ज्याला सगळ्या एसटींच्या वेळा पाठ, कोणाचं लग्न कोणत्या वारी झालं तेही पाठ, पण जो कधी कोणाच्या ओट्यावर बसून गप्पा मारत नाही. त्याला लांबून निदान चिकटवू नका. त्याला गावानं सांभाळून घेतलेलं असतं, चहा त्याच्या ठरलेल्या कपात येतो. आणि त्याच गावात पोरं त्याला चिडवून दगडही मारतात. दिवसभर दाव्याला बांधलेलं लेकरूही मी पाहिलं आहे. त्या आईला मी रागावलो नाही. ती सोयाबीनच्या काढणीला गेली होती आणि घर कालव्यापासून पन्नास पावलांवर होतं.

तिची भीती खरी होती. स्वमग्न मुलं अचानक निघून जातात, धोका ओळखत नाहीत, आणि अनेकांना पाण्याची जबर ओढ असते. हरवलेल्या स्वमग्न मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे मोठं कारण आहे, हे अनेक देशांत दिसलं आहे. धरण आणि कालवे असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट मी औषधापेक्षा आधी सांगतो. दाव्याऐवजी दाराला उंचावर कडी आणि घुंगरू लावा. शेजारच्या चार घरांना, कालव्यावरच्या शेतकऱ्यांना, पाटकऱ्याला मूल दाखवून ठेवा : हा बोलणार नाही, हाकेला थांबणार नाही, पाण्याकडे जाताना दिसला तर धरा आणि फोन करा. शर्टाच्या आत नाव आणि फोन नंबर शिवून ठेवा. मूल हरवलं तर आधी पाण्याकडे धावा, मग देवळाकडे आणि स्टँडकडे. आणि जमेल तितक्या लवकर, जाणत्या माणसाच्या हाताखाली त्याला पोहायला शिकवा. औंढ्याच्या यात्रेला किंवा डीजेच्या मिरवणुकीत नेणार असाल तर कानावर जाड पट्टी बांधा, आणि गर्दीतून बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा.

लहान मुलांबद्दल शेवटचं. वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'बाप पण उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, जो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. अंगणवाडीताईंना, आशाताईंना सांगून मूल त्यांना दाखवा. पहिल्यांदा कानाची तपासणी होईल, ती टाळू नका. बहिरेपणा आणि स्वमग्नता लहानपणी सारखी दिसू शकतात, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात येताना आधार कार्ड, फोटो आणि आधीचे सगळे कागद आणा. चुकीच्या नावाचेही आणा. सिद्धेश्वरच्या आजींनी ते तिन्ही आणले होते, म्हणूनच मुलाचं काय काय बघून झालं आहे आणि काय राहिलंय ते मला पहिल्याच भेटीत कळलं.